हिवाळ्यातील सामूहिक बाग : एक आत्मपरीक्षण

(वर्षावास समाप्तीच्या मेळाव्यात बाग समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



दीक्षाभूमीवरची गर्दी ओसरून चार-पाच दिवसच झाले आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी भोजनदानाच्या मंडपात उभ्याने दिवस काढले, रात्री बाहेरगावच्या लोकांना घरात जागा दिली. पाय अजून दुखत असतील. अशा वेळी मोठा विषय काढून आम्ही आपला अंत पाहणार नाही. आमचा विषय लहान आहे. विहाराच्या मागची आपली भाजीपाल्याची बाग, एवढाच तो विषय.

परंतु तो आज काढणे भाग आहे. कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आलेला आहे, हे आपणास ठाऊक आहे. बाग मोडावी, त्या जागेवर फरशी टाकावी, लग्नसमारंभासाठी मंडप घालता येईल, एरवी गाड्या उभ्या राहतील. प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की, बाग फक्त पावसाळ्यात हिरवी असते. हिवाळा लागला की तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मग ही जागा अडवून ठेवण्यात काय अर्थ? आम्ही बाग समितीचे लोक. या प्रस्तावावर आम्हाला राग यायला हवा होता. तो आला नाही. कारण त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. म्हणून आज आम्ही बागेची बाजू मांडण्याआधी बागेचा हिशेब मांडणार आहोत.

टाळेबंदीनंतर, २०२१ च्या पावसाळ्यात ही बाग सुरू झाली. चोवीस वाफे, प्रत्येक वाफा दहा फूट लांब व चार फूट रुंद, सहा-सहा वाफ्यांच्या चार ओळी. प्रत्येक वाफा एका कुटुंबाला दिला आणि त्यावर त्या कुटुंबाच्या नावाची पाटी लावली. त्या वर्षी वांगी, चवळी, सांभार, मिरची असे भरभरून आले. पुढचे दोन हिवाळे कसेबसे निघाले. गेल्या हिवाळ्यात मात्र जानेवारीच्या मध्याला आम्ही मोजणी केली, तेव्हा चोवीसपैकी सात वाफे हिरवे होते. सतरा वाफ्यांत भेगा पडल्या होत्या.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल. थंडीत बाग ओसाड पडणे ही इंग्लंड-जर्मनीची गोष्ट. तिकडे हिवाळ्यात जमीन गारठते, दुपारी चारला अंधार होतो, मातीत पीक फारसे नसते. इंग्लंडमध्ये शहरातील लोकांना भाजीपाल्यासाठी नाममात्र भाड्याने जमिनीचे तुकडे देण्याची जुनी पद्धत आहे. १९०८ च्या कायद्याने ते तेथील स्थानिक संस्थांचे कर्तव्यच ठरले. तिकडेही हिवाळ्यात लोकांचे मन उडते, तुकडा पडीक राहतो, मग पडीक ठेवल्याबद्दल नोटीस येते. परंतु आपल्या नागपुरात तर सगळे उलट आहे. आपल्याकडे भाजीचा खरा हंगाम हिवाळाच. मेथी, पालक, मुळा, गाजर, फुलकोबी, वटाणा, वालाच्या शेंगा, सांभार, लसणाची पात हे सगळे दिवाळीपासून होळीपर्यंतचे वैभव. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा वाफ्यात काही टिकत नाही. म्हणजे जमीन जेव्हा सर्वांत जास्त द्यायला तयार असते, नेमका तेव्हाच आपला हात आखडतो. असे का होते?

गेल्या हिवाळ्यात आम्ही याचे उत्तर फार चटकन दिले होते. आम्ही म्हणालो, लोक आळशी झाले. पहिल्या दिवसाचा उत्साह ओसरला. फुकट मिळाले की किंमत राहत नाही. आणि या उत्तरावर विसंबून आम्ही एक चूक केली. तिची कबुली पुढे देऊ. आधी कारणे सांगतो, जी आम्हाला नंतर, फार उशिरा दिसली.

उन्हाळ्यात आम्ही एका कागदावर बागेचा नकाशा काढला आणि सुकलेल्या वाफ्यांवर फुल्या मारल्या. सतरापैकी अकरा फुल्या मागच्या दोन ओळींत पडल्या. नळ पुढच्या कोपऱ्यात आहे. नळापासून शेवटच्या ओळीपर्यंत आम्ही पावले मोजली, पंचावन्न भरली. एका वाफ्याला मुरेल एवढे पाणी द्यायचे तर पाच-सहा बादल्या लागतात. दोन्ही हातांत बादल्या घेतल्या तरी जाऊन-येऊन तीन खेपा. आळसाला नळाचे अंतर कळत नाही, बंधूंनो, थकव्याला कळते. आळसच कारण असता, तर फुल्या सगळ्या बागेत सारख्या विखुरल्या असत्या.

पावसाळ्यात हा प्रश्न नव्हता. जून ते सप्टेंबर आभाळ पाणी देते. आपण फक्त निंदण करायचे. ऑक्टोबरात पाऊस परततो आणि आभाळाचे काम आपल्या खांद्यावर येते. ते किती आहे, हे वाफे वाटताना आम्ही कोणालाच सांगितले नव्हते, कारण आम्हीही ते मोजले नव्हते.

दुसरे कारण उजेडाचे. जूनमध्ये नागपुरात साडेपाचला उजाडते आणि सातपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. दिवस जवळपास अडीच तासांनी लहान होतो. ज्यांची ड्युटी सकाळी आठला सुरू होते आणि जे सायंकाळी साडेसहाला घरी येतात, त्यांना आठवडाभर आपला वाफा उजेडात दिसतच नाही. न दिसलेल्या गोष्टीची ओढ कशी राहील? त्यात आपली थंडी. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर आले होते. तो तोपर्यंतच्या नोंदींतील नीचांक ठरला. एवढी थंडी दरवर्षी पडत नाही. पण आठ-दहा अंशांच्या पहाटे गार पाण्याची बादली उचलणे म्हणजे काय, हे आपल्या आया-बहिणींना विचारावे.

तिसरे कारण आपल्या पंचांगाचे. भाजीचे वेळापत्रक आणि आपल्या समाजाचे वेळापत्रक यांची दरवर्षी टक्कर होते. मेथी-पालक पेरण्याची वेळ येते तेव्हा आपण धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कामात असतो. रोपे हाताएवढी होतात, तोच ६ डिसेंबरसाठी घरेच्या घरे मुंबईला चैत्यभूमीवर जातात. जाऊन-येऊन चार-पाच दिवस मोडतात. मग १ जानेवारी, मग ३ जानेवारीचा सावित्रीबाईंचा जयंती समारंभ, मध्येच लग्ने, मुलांच्या परीक्षा. यातली एकही गोष्ट सोडण्यासारखी नाही, आणि आम्ही सोडा म्हणणारही नाही. परंतु चार दिवस पाणी चुकलेला पालेभाजीचा वाफा परत आलेल्या माणसाकडे तक्रारीच्या नजरेने पाहतो. माणूस म्हणतो, आता मेलीच आहे, उद्या बघू. तो उद्या येत नाही.

चौथे कारण जरा नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. हिवाळ्यात आपल्या बाजारात भाजी स्वस्त असते. कॉटन मार्केटला जा, सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात जा. जानेवारीत मेथीच्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात, फुलकोबी संध्याकाळी मातीमोल होते. महिनाभर पाणी घालून जी जुडी हाती यायची, ती बाजारात एका चहाच्या किमतीत मिळते. मग घरातले कोणी तरी म्हणतेच, कशाला मरतेस त्या वाफ्यात? यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही बाग सुरू करताना 'पैशाची बचत' असेच सांगितले होते. ज्या कारणासाठी माणसाला बोलावले, ते कारणच हिवाळ्यात खोटे पडले. मन उडाले यात नवल कसले?

आणि पाचवे, अज्ञान. मुलांच्या हौसेने डिसेंबरात भेंडी आणि गवार पेरली. थंडीत ती उगवत नाही. तिला ऊब लागते, तिची वेळ जानेवारीच्या अखेरीनंतरची. दोन आठवडे कोऱ्या मातीला पाणी घालून पोरे कंटाळली. ढगाळ हवेत वालावर आणि कोबीवर मावा पडला. कोणी सांगणारे नव्हते. आणि सर्वांत मोठे अज्ञान आमचे, समितीचे. 'रोज पाणी द्या' असा फलक आम्हीच लावला होता. आपली माती काळी, ओल धरून ठेवणारी. थंडीत बाष्पीभवन कमी. नव्या पेरणीला काही दिवस हलके पाणी रोज लागते, हे खरे. पण रोपे उभी राहिल्यावर वर पालापाचोळ्याचे आच्छादन असेल, तर पालेभाजीला आठवड्यातून दोनदा आणि इतरांना एकदा मुरेल असे पाणी पुरते. माती दोन बोटे उकरून पाहावी; आत ओल लागली तर त्या दिवशी झारीला हात लावू नये. म्हणजे आम्ही लोकांना गरज नसलेले काम सांगितले, ते त्यांच्याने झाले नाही, आणि मग आम्ही त्यांना आळशी म्हणालो.

आता ती कबुली. जानेवारीच्या मोजणीनंतरच्या रविवारी, वंदना झाल्यावर, आम्ही सतरा कुटुंबांची नावे याच सभागृहात वाचून दाखवली. आपला हेतू चांगला आहे असे आम्हाला वाटत होते. नावे ऐकून लोक जागे होतील, पुन्हा कामाला लागतील. एकही वाफा पुन्हा हिरवा झाला नाही. उलट जे झाले ते आमच्या लक्षात यायला सहा आठवडे लागले. त्या यादीतल्या एक ताई रविवारच्या वंदनेला येईनाशा झाल्या. आधी वाटले, काही काम असेल. माघ पौर्णिमेलाही त्या दिसल्या नाहीत, तेव्हा आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी चहा केला. सासूबाई अंथरुणावर होत्या. ताई पहाटे पाचला उठून सासूबाईंचे सगळे करतात, मग दोन घरी स्वयंपाकाला जातात, दिवेलागणीनंतर परततात. आम्ही म्हणालो, ताई, वाफ्याचे एवढे मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "वाफ्याचं नाही हो. वाफा मले उजेडात आयतवारीच दिसे. सुकला तं सुकला. पन सगळ्यासमोर माहं नाव वाचलं न तुम्ही. मंग कोण्या तोंडानं येऊ विहारात?"

आम्ही मान खाली घालून ऐकले. नावे वाचून घेण्याचा, हजेरीत उणे ठरण्याचा, चारचौघांत मागे बसण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. तो आम्ही, आपल्याच विहारात, मेथीच्या वाफ्यासाठी आपल्याच बहिणीला दिला. त्या दिवसापासून आम्ही 'बाग का सुकली' हा प्रश्न बाजूला ठेवून 'आम्ही लोकांना बागेत कसे वागवले' हा प्रश्न हाती घेतला. ताईंची क्षमा आम्ही त्यांच्या घरी मागितली होती. चूक भरसभेत झाली, म्हणून आज भरसभेतही मागतो. त्यांना आणि उरलेल्या सोळा घरांनाही.

आता एका हिरव्या वाफ्याची गोष्ट. मागच्या दोन ओळींतले बारापैकी अकरा वाफे सुकले, असे आम्ही म्हटले. बारावा हिरवागार होता. तो आपल्या काकाजींचा. ते समोरच बसले आहेत, आणि आपले नाव निघाले म्हणून हात हलवून नको-नको म्हणत आहेत. तरी आम्ही सांगणार. काकाजी एम्प्रेस मिलचे जुने कामगार. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिचा भोंगा आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या कानांत अजून असेल. आम्ही काकाजींना विचारले, या वयात, या थंडीत, तुमचा उत्साह टिकतो तरी कसा?

काकाजी हसले. म्हणाले, "उत्साह कोनाले होता? भोंगा वाजला का निघाचं. मन लागते का नाही, हे मिलमदी कोन इचारे?"

हे ऐकून आम्हाला वाटले, झाले, आता काकाजी शिस्तीचे प्रवचन देणार. पण ते पुढे जे बोलले ते आम्ही लिहून ठेवले आहे. "पन आठ घंट्यानं दुसरा भोंगा बी वाजे न! माह्या मशीनवर दुसरा मानूस येऊन उभा राहे, मंग म्या घरी जाओ. मशीन चालूच. तुमच्या बागेत पयला भोंगाच हाये. दुसरा नाही."

बंधू-भगिनींनो, आमच्या सगळ्या नकाशाचे आणि हिशेबाचे सार या दोन वाक्यांत आहे. मिलचे काम गोड नव्हते, तिथला अन्यायही आपल्या लोकांनी सोसला आहे. त्या दिवसांचे गोडवे आम्ही गात नाही. परंतु पाळी संपते आणि आपल्या जागी दुसरा येतो, ही खात्री त्या कामात होती. आम्ही बागेत प्रत्येक कुटुंबाला एक वाफा देऊन ऑक्टोबर ते मार्च अशी एक अखंड पाळी लावली. सुटी नाही, बदली नाही, आणि चुकला की नाव फलकावर. असे काम कोणाचेही मन खाऊन टाकील.

आणि काकाजींच्या वाफ्यात होते काय? हरभरा. बस्स, एवढेच. आम्ही मेथी-पालकाच्या मागे बादल्या घेऊन धावत होतो, आणि त्यांनी मागच्या ओळीत, जिथे पाणी पोचणे कठीण, तिथे असे पीक निवडले ज्याला पाणी फारसे लागतच नाही. विदर्भाच्या काळ्या मातीत पावसाळ्याची जी ओल उरते, तिच्यावर हरभरा निघतो. फुलोऱ्याच्या सुरुवातीला एखादे पाणी मिळाले तर उत्तम, जास्त दिले तर उलट नुकसान. महिना-सव्वा महिन्याने शेंडे खुडले की भाजी होते आणि झाड जास्त फुटते. पुढे ओले घाटे. शिवाय मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते, ते पुढच्या पिकाला उपयोगी पडते.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक इंग्रजी निबंध लिहिला होता. शेताचे तुकडे एकत्र करा, शेत मोठे करा म्हणजे शेतकरी सुधारेल, अशी चर्चा तेव्हा चालू होती. बाबासाहेबांनी दाखवून दिले की शेत परवडणारे आहे की नाही, हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्या जमिनीवर लावायला श्रम आणि भांडवल किती आहे, त्यांचे प्रमाण जुळते की नाही, यावरून ठरते. ते देशाच्या शेतीविषयी आणि शेतीवरच्या माणसांच्या भाराविषयी बोलत होते, आणि त्यांनी सुचवलेला उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीचा होता. आमच्या चोवीस वाफ्यांना तो निबंध लावणे म्हणजे मुंगीला हत्तीची झूल घालणे होईल. तरीही प्रमाणाची गोष्ट आम्हाला पटली. इंग्लंडमधला एक पूर्ण तुकडा परंपरेने सुमारे अडीचशे चौरस मीटरचा. पण लोकांना तेवढा झेपत नाही म्हणून आता पुष्कळ ठिकाणी नव्या माणसाला अर्धाच तुकडा देतात. आपली सगळी बाग, चोवीस वाफे धरून, तिकडच्या अर्ध्या तुकड्याहूनही लहान आहे. तरी ती आपल्याला मोठी झाली. कारण जमीन किती हे आम्ही मोजले. हात किती, पाणी किती, उजेड किती, हे मोजले नाही.

म्हणून येत्या हिवाळ्यासाठी बाग समिती आपल्यापुढे पुढील गोष्टी ठेवीत आहे.

पहिली गोष्ट, हिवाळ्यात भाजीची बाग अर्धी करायची. नळाजवळच्या दोन ओळींत पालेभाज्या, मुळा, सांभार, थोडी फुलकोबी. मागच्या दोन ओळींत फक्त हरभरा. ज्या वाफ्याला माणूस नाही, त्याला हरभरा. हा आपला नियम.

दुसरी गोष्ट, नावांच्या पाट्या काढायच्या. त्या आम्ही कालच काढल्या. आता वाफा कोणा एका घराचा नाही, बाग सगळ्यांची. चोवीस घरांच्या चार पाळ्या. एका पाळीकडे एक आठवडा, मग तीन आठवडे मोकळे. सहा घरांत पाण्याचे दोन-तीन दिवस वाटून घेतले, तर एका घराच्या वाट्याला महिन्यातून एखादी सकाळ येते.

तिसरी गोष्ट, दुसरा भोंगा. दर रविवारी वंदनेनंतर नळाजवळ जुन्या पाळीने नव्या पाळीच्या हाती झारी द्यायची. कुठे काय पेरले, कुठे मावा दिसला, कोणता वाफा ओला आहे, एवढे सांगायचे आणि मोकळे व्हायचे. पाच मिनिटांचे काम आहे. पण ज्याला आपली पाळी संपणार हे ठाऊक असते, तो ती आनंदाने करतो.

चौथी गोष्ट, एखाद्या आठवड्यात जमत नसेल तर 'जमत नाही' एवढेच सांगावे. कारण विचारले जाणार नाही. यादी लिहिली जाणार नाही, वाचली तर मुळीच जाणार नाही. ज्यांना बादली उचलवत नाही, त्यांनी उन्हात बसून शेंगा सोलाव्यात, बी निवडावे, मुलांना मेथी आणि गाजरगवत यांतला फरक शिकवावा. तीही पाळीच.

पाचवी गोष्ट, पेरणी एकदम करायची नाही. गेल्या वर्षी सगळ्यांचा पालक एकाच आठवड्यात तयार झाला आणि एकाच आठवड्यात जून झाला. या वेळी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरू, आणि ६ डिसेंबरच्या आठवड्यात कोवळे पीक उभे राहणार नाही असा बेत करू. शेकोटीत जाणारा पालापाचोळा वाफ्यांवर घालू.

राहिला प्रश्न पैशाचा. आम्ही आता बचतीचे आमिष दाखवणार नाही. कळमन्याच्या बाजाराशी आपली बाग भावात कधीच टक्कर देऊ शकणार नाही, आणि तिने द्यायचे कारणही नाही. मग ती ठेवायची कशासाठी? आमचे उत्तर असे. या वस्तीत काही माणसे अशी आहेत की ज्यांना दिवसभरात कोणी हाक मारत नाही. पेन्शन घेऊन एकटे राहणारे आहेत, नवरा गेल्यावर घराबाहेर पडणे सोडलेल्या माऊल्या आहेत. वंदनेला तास-दीड तास आपण शेजारी बसतो, पण बोलत नाही. वाफ्यात उकिडवे बसले की बोलणे होते. हातात खुरपे असले की दुःखही सांगता येते, कारण समोरच्याकडे पाहावे लागत नाही. फरशीवर गाड्या उभ्या राहतील, मंडप सजतील, हे खरे. पण फरशीवर कोणी कोणाला आपले दुखणे सांगत बसणार नाही. बागेतली भाजी विकायची नाही, असे आम्ही सुचवतो. ज्या घरी आजारपण आहे, बाळंतीण आहे, त्या घरी आधी जावी. उरलेली महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथेच शिजावी आणि भाकरीबरोबर सगळ्यांनी खावी.

आणि हेही स्पष्ट सांगतो. आम्ही फक्त हा एक हिवाळा मागत आहोत. होळीपर्यंत. तेव्हा आम्ही पुन्हा मोजणी करू. हिरवे वाफे तर मोजूच, पण नळाजवळ किती जण आले आणि किती जण येणे सोडून गेले, हेही मोजू. पाळी लावूनही बाग ओसाड राहिली, तर ती आपल्या गरजेची नव्हती असे आम्ही समजू आणि फरशीचा ठराव आम्ही स्वतः मांडू. प्रस्ताव आणणाऱ्या बंधूंनी तोवर थांबावे, एवढी विनंती. शक्य असेल तर एका पाळीत त्यांनी आपले नाव द्यावे, ही दुसरी विनंती.

शेवटी एक आठवण. तथागतांना एकनाळा गावी भेटलेल्या कसिभारद्वाज ब्राह्मणाची कथा आपण याच विहारात ऐकली आहे. नांगरणी-पेरणी करणारा तो शेतकरी तथागतांना म्हणाला, मी राबतो आणि मग खातो, तुम्हीही तसेच करा. तथागतांनी आपणही शेतीच करतो असे सांगून आपल्या शेतीचे वर्णन केले. त्यात श्रद्धेला बीज म्हटले आहे आणि वीर्याला, म्हणजे प्रयत्नाला, जूं ओढणारा बैल. आम्ही ही कथा अनेकदा सांगितली, पण बैलाचा विचार कधी केला नव्हता. शेतकरी बैलाला उत्साह आहे का असे विचारून जुंपत नाही, हे खरे. पण शहाणा शेतकरी त्याच्या ताकदीपेक्षा जास्त जुंपत नाही, आणि सांजेला जूं खाली उतरवतो. उतरवलेले जूं पाहूनच बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा मान देतो. आम्ही गेल्या वर्षी जूं उतरवायलाच विसरलो होतो.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर मागच्या दोन ओळींत हरभरा पेरायचा आहे. काकाजींनी बी राखून ठेवले आहे, तरी प्रत्येक घराने मूठभर आणावा, म्हणजे तो सगळ्यांचा होईल. रात्री भिजत घालून आणावा. पहिली पाळी समितीची. आणि आम्हाला सांगायला आनंद वाटतो की, त्या पुढच्या आठवड्याची झारी घेण्यासाठी एक नाव आमच्याकडे आधीच आले आहे. त्या ताई आज आल्या आहेत, मागे दाराजवळ बसल्या आहेत. त्यांनी पाळी मागताना एकच अट घातली, "आयतवार माह्या वाट्याले ठेवा. उजेडात पाहीन म्हनते." आम्ही ती अट मान्य केली आहे.

 जयभीम. नमो बुद्धाय.